दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप आणि 'मला तर नीट दिसतं' म्हणणारे

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत आम्ही काही मित्र मिळून एक अभ्यासिका चालवतो. दोन ट्यूबलाइट, एक लोखंडी कपाट, वर्गणीतून घेतलेली पुस्तके आणि संध्याकाळी सातनंतर येणारी वीस-पंचवीस मुले-मुली, एवढाच तिचा पसारा. गेल्या पावसाळ्यात या खोलीत एक स्टिरिओ मायक्रोस्कोप आला. तो देणगीतून आला नाही, भंगारातून आला. एका महाविद्यालयाने प्रयोगशाळेतले जुने सामान निर्लेखित करून विकले, ते आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याच्या गाडीवर आले आणि त्याने सातशे रुपयांत तो आम्हाला दिला. दिसायला धडधाकट. रंग थोडा उडालेला, पण भिंगे शाबूत. आम्ही खूश झालो. आपल्या पोरांना आता रांगेत उभे न राहता पाहता येईल, असे आम्हाला वाटले.

पहिल्याच दिवशी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने त्यातून मेलेली माशी पाहिली आणि मान वर करून म्हणाली, "दोन-दोन दिसतंय. आणि डोकं दुखतंय."

आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी शाळेत विज्ञान शिकवतात. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. सरांनी खुर्ची ओढली, दोन्ही डोळे आयपीसला लावले, फोकसचे चाक फिरवले आणि म्हणाले, "मला तर नीट दिसतंय. स्वच्छ. तुला सवय नाही गं, सवय लागेल."

मुलीने पुन्हा पाहिले. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो सर, दिसलं."

मित्रांनो, हा लेख त्या 'हो सर, दिसलं' बद्दल आहे. पुढचा आठवडाभर ती मुलगी अभ्यासिकेत आली नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा कळले की तिने प्राणिशास्त्र सोडून दुसरा विषय घ्यायचे ठरवले आहे. कारण विचारले तर म्हणाली, "माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे. कॉलेजातही मला नीट दिसत नाही. सगळ्यांना दिसतं, मलाच दिसत नाही."

सगळ्यांना दिसते, मलाच दिसत नाही. हे वाक्य ऐकून आम्ही घरी आलो आणि एकमेकांना विचारले, आपल्यापैकी किती जणांनी प्रॅक्टिकलच्या तासाला खोटे सांगितले आहे? सगळ्यांनी. आमच्या वेळी चाळीस मुलांत दोन मायक्रोस्कोप चालू असत. रांग लागायची. पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेले असायचे. आपला नंबर येईपर्यंत तास संपत आलेला असे, मागून कोणी ढकलत असे आणि "हात लावू नका" ही सूचना डोक्यावर असे. फोकस हललेला असला तरी चाकाला हात लावायची सोय नव्हती. मग सर विचारायचे, दिसलं का? आपण म्हणायचो, हो. आणि जर्नलमध्ये आकृती काढायचो ती पुस्तकातली. त्या आकृतीला गुणही मिळायचे. न पाहिलेल्या गोष्टीची सुबक आकृती काढता येणे म्हणजे विज्ञान, असा आमचा अनेक वर्षे समज होता.

म्हणून आम्ही ठरवले की या वेळी 'सवय लागेल' हे उत्तर चालणार नाही. दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे. मुलीच्या डोळ्यांत आहे की यंत्रात?

आमच्यातला आणखी एक मित्र मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो. दहावीनंतर शिक्षण सुटले. पण दुकानात रोज आठ-आठ तास तो असल्याच मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग करतो, केसाएवढ्या तारा जोडतो. मुले त्याला दादा म्हणतात. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आधी यंत्र घरी आणा. अभ्यासिकेत धूळ फार."

यंत्र उघडण्याआधी ते चालते कसे हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढचे बोलणे हवेत जाईल. साध्या मायक्रोस्कोपला दोन आयपीस असले तरी दोन्ही डोळ्यांना एकच प्रतिमा वाटून दिलेली असते. स्टिरिओ मायक्रोस्कोपचे तसे नाही. आमच्याकडचा आहे तो ग्रीनो पद्धतीचा. होरेशिओ ग्रीनो या अमेरिकन माणसाची ही कल्पना. १८९० च्या दशकात जर्मनीतल्या येना शहरातील झाइसच्या कारखान्याने ती प्रत्यक्षात आणली. यात खरे तर दोन स्वतंत्र मायक्रोस्कोप एकमेकांकडे थोडे कललेले बसवलेले असतात. डावी नळी वस्तूकडे डावीकडून पाहते, उजवी उजवीकडून. दोन्ही नळ्यांची नजर खाली एकाच बिंदूवर पडते. दोन डोळ्यांना मिळणारी चित्रे किंचित वेगळी असतात आणि मेंदू त्यांची एक करतो. त्या एक करण्यातूनच खोली दिसते, उंच-सखल कळते. (दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही वाटांना मिळून एकच मोठे भिंग असलेला. तो १९५७ मध्ये अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीने बाजारात आणला.)

मायक्रोस्कोपमध्ये चित्र उलटे दिसते, हे आपण शाळेत शिकतो. पण ज्याखाली हाताने काम करायचे तिथे उलटे चित्र चालत नाही. म्हणून स्टिरिओमध्ये प्रत्येक नळीवर एक प्रिझमची पेटी असते. आमच्या यंत्रात प्रत्येक पेटीत दोन काटकोनी प्रिझम आहेत, एकमेकांना आडवे बसवलेले. इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये याचे पेटंट घेतले. दुर्बिणीतही हीच जोडी असते. या प्रिझमना आरशाचा लेप नसतो. काचेच्या आतल्या बाजूवरूनच प्रकाश पूर्ण परत फिरतो. म्हणजे चार छोटे काचेचे तुकडे आपापल्या जागी असतील तरच दोन डोळ्यांची चित्रे जुळतात. एक तुकडा जरी सरकला तरी जुळणी गेली.

रविवारी आम्ही दादाच्या घरी बसलो. एक खोली आणि स्वयंपाकघर. ओट्याजवळच्या टेबलावर जागा केली. दादाच्या आईने भाकरीची मोठी परात दिली, म्हणजे स्क्रू घरंगळून जमिनीवर जाणार नाही. त्या मुलीलाही बोलावले होते. ती आली, पण टेबलापासून लांब, दाराशी उभी राहिली.

दादाने स्क्रूड्रायव्हर उचललाच नाही. आधी म्हणाला, "एक डोळा बंद करा. उजव्या डोळ्याने उजव्या नळीतून बघा. मग त्याच उजव्या डोळ्याने डाव्या नळीतून बघा. नंतर डाव्या डोळ्याने दोन्ही." चाचणी साधी आहे, पण तिच्यात सगळे आले. धूसरपणा नळीबरोबर गेला तर नळी खराब, डोळ्याबरोबर गेला तर डोळा. फोकस आणि आयपीसवरची डायॉप्टरची कडी आपापल्या डोळ्याप्रमाणे फिरवून घ्यायची, एवढेच पथ्य.

मुलीने पाहिले. चारही वेळा स्वच्छ. डाव्या डोळ्याला दोन्ही नळ्या स्वच्छ, उजव्यालाही. फक्त दोन्ही डोळे एकदम उघडले की चित्रे एकमेकांवर बसत नव्हती. एक वर, एक खाली. म्हणजे डोळे चांगले, नळ्याही चांगल्या, पण दोन नळ्यांची नजर एका जागी पडत नव्हती.

मग सरांची पाळी. डाव्या डोळ्याने दोन्ही नळ्या स्वच्छ. उजव्या डोळ्याने दोन्ही नळ्या धूसर. चाक फिरवून, कडी फिरवून पाहिले. धूसरच. सर गप्प बसले. आम्हीही गप्प बसलो. मग सर सावकाश म्हणाले, "म्हणजे मी आजवर एकाच डोळ्याने बघत होतो."

पुढच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयात डोळे तपासले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हा आळशी डोळा आहे, लहानपणापासूनचा. डोळा वरून निरोगी दिसतो, पण मेंदूने त्याचे चित्र वापरणेच सोडून दिलेले असते. लहान वयात लक्षात आले तर चष्मा आणि चांगला डोळा काही काळ झाकण्यासारख्या उपायांनी पुष्कळ सुधारणा होते. वय वाढले की उपचार अवघड होतो. सर पन्नाशीला आले आहेत. त्यांच्या शाळेत कोणी कधी एक डोळा झाकून फळा वाचायला लावला नाही. आता २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची नजरही तपासली जाते. आपल्या वस्तीतल्या शाळेत ती तपासणी खरोखर होते का, हे पालकांनी जाऊन विचारले पाहिजे.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ज्यांचा एक डोळा काम करत नव्हता, त्यांना यंत्रातला दोष दिसलाच नाही. कारण दोन चित्रे जुळत नाहीत हे कळण्यासाठी आधी दोन चित्रे दिसावी लागतात! आणि जिला दोष दिसला, त्रास झाला, डोके दुखले, तिचे दोन्ही डोळे उत्तम होते. तिचे डोके दुखत होते म्हणजेच तिला बरोबर दिसत होते. आम्ही मात्र काय केले? ज्याला त्रास नाही त्याची साक्ष खरी मानली आणि जिला त्रास आहे तिला म्हणालो, सवय लागेल.

"आमच्याकडे तर आम्ही कधी जात पाहिली नाही हो," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कार्यालयात, महाविद्यालयात, भाड्याने घर शोधताना. म्हणणारा प्रत्येक वेळी खोटेच बोलत असतो असे नाही. त्याला खरोखरच दिसलेली नसते. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. त्याला त्रास झाला नाही हा यंत्र ठीक असल्याचा पुरावा होतो का, हा प्रश्न आहे. आमचे सर आमच्याच चळवळीतले, आयुष्यभर राबलेले. त्यांच्या मनात त्या मुलीबद्दल मायाच होती. तरीही चूक झाली. म्हणजे ही चूक फक्त समोरच्या छावणीतले लोक करतात असे समजून आपण निर्धास्त राहू नये. आपल्या अभ्यासिकेत, आपल्या संघटनेत, विशेषतः एखादी मुलगी 'मला हे नीट वाटत नाही' म्हणते तेव्हा आपण काय उत्तर देतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आता दुरुस्ती. दोष यंत्रात आहे हे ठरले, पण यंत्रात कुठे? दादाने एका आयपीसच्या आत, जिथे गोल कडा दिसते त्या कड्यावर, आईच्या डोक्यातले दोन केस एकमेकांना छेदतील असे नेलपॉलिशच्या थेंबांनी चिकटवले. झाली फुलीची आयपीस. ती नळीत गोल फिरवून पाहिली. फुलीचा मध्य जागेवरच फिरला पाहिजे. तो चक्कर मारू लागला तर केस मध्यावर बसलेले नाहीत. दोनदा काढून पुन्हा बसवावे लागले. मग खाली एक मिलिमीटरच्या चौकटींचा आलेखकागद चिकटपट्टीने पक्का केला. फुलीची आयपीस डाव्या नळीत घालून कागदावरचा एक छेदबिंदू फुलीच्या मध्यावर आणला. मग कागदाला धक्का न लावता तीच आयपीस उजव्या नळीत घातली. उजवीकडे तोच छेदबिंदू फुलीपासून अर्धी चौकट वर होता.

हे दोनपट ऑब्जेक्टिव्हवर झाले. मग चारपटवर तीच चाचणी केली. तिथे फरक पाव चौकटीचा आला. याचा अर्थ काय, हे आम्हाला त्या मुलीने सांगितले. तोपर्यंत ती दारापासून टेबलापर्यंत आली होती. ती म्हणाली, "कागदावरचा अर्धा मिलिमीटर दोनपट झाला की वर एक मिलिमीटर. पाव मिलिमीटर चारपट झाला की तोही एक मिलिमीटर. म्हणजे वरचा फरक दोन्ही वेळा सारखाच आहे. भिंग बदललं तरी बदलत नाही. मग दोष खालच्या भिंगात नाही, वर पेटीत आहे." दादा तिच्याकडे बघतच राहिला. शिवाय डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे उजवी पेटी फिरवताना तिच्यातले चित्र जागचे हलत होते. डावीचे हलत नव्हते. उजव्या पेटीतला प्रिझम सरकला होता, हे नक्की झाले.

काटकोनी प्रिझम आडवा जितका सरकतो, त्याच्या दुप्पट चित्र सरकते. म्हणजे एक मिलिमीटरसाठी प्रिझम फक्त अर्धा मिलिमीटर सरकलेला असणार. एवढ्याने काय होते, असे वाटेल. दहापट आयपीसचे नाभीय अंतर पंचवीस मिलिमीटर असते. त्यात एक मिलिमीटर म्हणजे डोळ्याला दोन अंशांहून जास्त फरक. आपले डोळे आतल्या बाजूला सहज वळतात, जवळचे वाचताना वळतातच. पण एक डोळा वर आणि एक खाली करणे त्यांना जवळजवळ जमत नाही. उभ्या दिशेचा थोडासाही फरक असला की डोळे त्याच्याशी झुंजत राहतात आणि डोके ठणकू लागते. मुलीचे डोके का दुखत होते, ते आता आकड्यात आले.

उघडताना पहिला नियम म्हणजे डाव्या पेटीला हात लावायचा नाही. एक बाजू संदर्भ म्हणून तशीच ठेवायची. दोन्ही बाजू सैल केल्या तर कशाशी जुळवायचे हेच उरत नाही. दुसरा नियम म्हणजे प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाईलवर फोटो. स्क्रू ठेवायला आईचा मसाल्याचा जुना डबा घेतला. प्रत्येक वाटीत एका टप्प्याचे स्क्रू. आई म्हणाली, "धुऊन द्या म्हणजे झालं, हळदीला तेलाचा वास नको." तिसरा नियम म्हणजे प्रिझम आत्ता जिथे आहे तिथे धातूवर सुईने बारीक रेघ मारून ठेवायची. जागा चुकलेली असली तरी तीही नोंदवायची, कारण परत कुठून निघायचे ते माहीत पाहिजे.

झाकण उघडले तर दोन गोष्टी दिसल्या. प्रिझमला दाबून धरणारी पट्टी एका बाजूने ढिली झाली होती. आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. दमट कपाटात वर्षानुवर्षे बंद ठेवलेल्या भिंगांचे हेच होते. यंत्रे वापरून कमी बिघडतात, कुलूपबंद ठेवून जास्त!

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. आमच्यापैकी एकाने उत्साहात खिशातला रुमाल काढून प्रिझम पुसला. रुमालात धूळ होती. काचेवर एक बारीक ओरखडा कायमचा उमटला. आधी रबरी फुगा दाबून धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी भिंगाच्या कागदावर दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने, न घासता. हा क्रम दादा सांगत होता, पण आम्ही ऐकला नाही. ज्याच्या हाताला रोजची सवय आहे त्याचे न ऐकता हात चालवणारे आम्ही पदवीधर होतो, हेही नोंदवून ठेवतो.

दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. पट्टी थोडी वाकवून ताण आणला, प्रिझम सैल ठेवला, आयपीस लावल्या. दादा दोन्ही डोळ्यांनी बघत लाकडी काडीने प्रिझम हळूहळू सरकवू लागला आणि म्हणाला, "झालं, एक दिसतंय. मस्त." मुलीने पाहिले. तिला अजून किंचित दोन दिसत होते. तिसऱ्याने पाहिले, त्याला भलतेच. असे का? दादाचे डोळे रोज यंत्राखाली काम करून इतके तयार झालेले की उरलेला फरक ते स्वतःच भरून काढत होते. यंत्र सरळ झालेच नव्हते. दादाच्या डोळ्यांनी जुळवून घेतले होते.

तेव्हा आम्हाला कळले की कोणा एकाला बरे वाटले म्हणून जुळणी झाली असे मानता येत नाही, मग तो एक जण कितीही जाणकार असो. त्यासाठी फुली लागते, आलेखकागद लागतो. सगळ्यांना सारखी दिसेल अशी, कोणाच्याही डोळ्यावर न अवलंबणारी मोजपट्टी लागते. सरांची चूक आणि दादाची चूक वरून उलट दिसतात, पण मुळात ती एकच आहे. दोघांनी स्वतःच्या डोळ्याला मोजपट्टी मानले.

मग नीट केले. फुलीची आयपीस डावीकडे, छेदबिंदू मध्यावर, उजवीकडे, फरक किती, काडीने केसभर सरकव, पुन्हा डावीकडे. असे वीस-बावीस वेळा. प्रिझम तिरपा बसू नये म्हणून त्याच्या एका कडेखाली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची घडी घातली. प्रिझमची जोडी एकमेकांशी काटकोनात राहील हेही पाहावे लागते, कारण तिथे एक अंश चुकला तर चित्र दोन अंशांनी फिरते. आलेखकागदाच्या रेघा दोन्ही डोळ्यांत सारख्याच उभ्या आहेत ना, यावरून ते कळते. काडी आता मुलीच्या हातात होती. तिची बोटे बारीक, हात स्थिर. दोनपटवर फरक उरला नाही, तेव्हा चारपटवर पाहिले. तिथेही जुळले. प्रिझमच्या कडेला धातूशी नेलपॉलिशचे दोन ठिपके देऊन तो पक्का केला. झटपट चिकटणारा डिंक वापरला नाही, कारण त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

मुलीने पुन्हा तीच माशी ठेवली. दोन्ही डोळे लावले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पंखाखाली जागा आहे. म्हणजे पंख वर आहे आणि अंग खाली." इतकेच. पुस्तकातल्या आकृतीत पंख अंगाला चिकटलेला असतो. तो वर उचललेला आहे, मध्ये पोकळी आहे, हे तिने स्वतः पाहिले. सर शेजारी बसले होते. त्यांना ती पोकळी दिसणार नव्हती. ते म्हणाले, "मला सांग कसं दिसतं ते." ती सांगत गेली आणि ते ऐकत गेले.

काही वाचक विचारतील, या ब्लॉगवर स्क्रू आणि प्रिझमचे काय काम? आमचे म्हणणे असे की आहे, आणि महत्त्वाचे आहे. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हा मुद्दा बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडला. ती विभागणी आपल्या प्रयोगशाळांत आजही दिसते. पाहणारा वेगळा, पुसणारा वेगळा, दुरुस्त करणारा तिसराच. पाहणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणायचे आणि दुरुस्त करणाऱ्याला मेकॅनिक. शिकलो म्हणजे हात काळे करायचे नाहीत, ही समजूत आपल्या घरांतही शिरली आहे. त्यामागची वेदना आम्हाला समजते. ज्या हातांवर घाण काम लादले गेले, त्या हातांना कामापासून सुटका हवी असते. पण लादलेले काम नाकारणे वेगळे आणि यंत्राच्या आत डोकावायचा अधिकार सोडून देणे वेगळे. आत डोकावण्याचा अधिकार सोडला की 'सवय लागेल' हे उत्तर मुकाट्याने ऐकावे लागते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाईल व तत्सम उपकरणे, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात सुरुवातीला घेतली. प्रयोगशाळेतली उपकरणे त्यांत नाहीत. शाळा-महाविद्यालयांचे मायक्रोस्कोप किरकोळ बिघाडासाठी कपाटात पडून राहतात आणि शेवटी भंगारात जातात, आणि रांगेत शेवटी उभी असलेली मुले न पाहताच पदवी घेतात. अर्धा मिलिमीटर सरकलेला प्रिझम आणि एक ढिली पट्टी, एवढ्यासाठी आमचे यंत्र निर्लेखित झाले होते. विद्यार्थी संघटनांनी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाबरोबर हाही प्रश्न विचारावा. आमच्या विभागात किती मायक्रोस्कोप आहेत, त्यांतले किती चालू आहेत, आणि बंद असलेले शेवटचे कधी उघडले गेले? ही माहिती मागता येते.

आम्ही तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. अभ्यासिकेत महिन्यातून एका रविवारी एखादे यंत्र उघडायचे, आणि स्क्रूड्रायव्हर आधी मुलींच्या हातात द्यायचा. दुरुस्तीची टिपणे मराठीत, आकृतीसह वहीत लिहायची. ही पहिली नोंद त्या मुलीने लिहिली आहे. आणि मायक्रोस्कोपशेजारी आलेखकागद आणि फुलीची आयपीस कायम ठेवायची. कोणी म्हणाले 'मला दोन दिसतात', तर वाद न घालता आधी ती लावायची. यंत्र आता कपाटात बंद नसते. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, उरलेले दिवस ते टेबलावर असते.

मुलीने विषय बदलला नाही. गेल्या आठवड्यात ती म्हणाली की चारपटवर डाव्या नळीच्या कडेला थोडे मऊ दिसते. आमच्यापैकी कोणालाच तसे वाटले नाही. कागद लावून पाहिले, तिचे बरोबर निघाले. येत्या रविवारी डावी बाजू उघडणार आहोत. ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे, फक्त रुमाल घरी ठेवून यावे.